चाचा कोणाला म्हणायचे?

मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाता ही आपल्या नौदलाची विनाशिका ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबई बंदरात आली. ‘रूएन’ नावाचे मालवाहू जहाज या लोकांनी आदल्या डिसेंबरात पळवले होते. भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर, चाळीस तास चाललेल्या कारवाईनंतर नौदलाने ते सोडवले, सतरा खलाशांची सुटका केली आणि चाच्यांना मुंबई पोलिसांच्या हवाली केले. बातमी वाचताना मला वेगळ्याच गोष्टीची मौज वाटली. मुंबईत, जुन्या किल्ल्याच्या आवारात नौदलाचा एक तळ आहे. १९५१ पासून त्याचे नाव आहे आयएनएस आंग्रे. त्याच किल्ल्यात बसून ईस्ट इंडिया कंपनीचे गव्हर्नर ज्या माणसाला वर्षानुवर्षे चाचा म्हणत आले, ज्याला पकडण्यासाठी त्यांनी जंग जंग पछाडले, त्याचेच हे नाव.

इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांत कान्होजी आंग्रे हे नाव चाचा या विशेषणावाचून क्वचितच येते. आपल्या शालेय पुस्तकांत ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल म्हणून येतात. एका बाजूला शिवी, दुसऱ्या बाजूला आरती. मधल्या माणसाकडे पाहायला फारशी कोणाला सवड नसते. मला वाटते, कान्होजींच्या आयुष्याकडे अभिमानाबरोबर थोडा हिशेबही घेऊन जायला हवे. जहाज कोणाचे, माल कोणाचा आणि परवाना कोणी द्यायचा, हा तो हिशेब. आजही समुद्रावरची चाचेगिरी आणि दरोडे यांचा न्याय करताना याच गोष्टी तपासल्या जातात.

आंग्रे हे मूळचे संकपाळ. अंगरवाडी या गावावरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि त्यांचा संबंध सुवर्णदुर्गाशी आला. हर्णैच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभा असलेला हा किल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कान्होजींचे बालपण वेगळे सांगायला नको. जन्म १६६९ चा मानतात. लहानपणी एका ब्राह्मणाच्या घरी गुरे राखीत असता झोपलेल्या मुलावर नागाने फणा धरला, वगैरे कथा त्यांच्याबद्दलही आहे. आपल्याकडे मोठ्या माणसांच्या चरित्रात नाग येतोच. मला त्याहून दुसरी आख्यायिका अधिक जवळची वाटते. जंजिऱ्याचा सिद्दी सुवर्णदुर्गावर चालून आला असता किल्लेदार अचलोजी मोहिते फितूर होऊ पाहत होता. तरुण कान्होजींनी त्याला कैद केले आणि किल्ला स्वतः लढवला. एका झटापटीत ते शत्रूच्या हाती सापडले, पण निसटून, पोहत परत किल्ल्यात आले. तपशील थोडेफार इकडचे तिकडे असतील. मात्र हा माणूस आरमारावर वरून नेमलेला कोणी घोडेस्वार सरदार नव्हता, खाऱ्या पाण्यात वाढलेला होता, एवढे त्यातून नक्की कळते.

काळ कसा होता तेही ध्यानात घ्यायला हवे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला आणि राजाराम महाराजांना दूर जिंजीला जावे लागले. औरंगजेब दख्खनेत तळ ठोकून बसला होता. राज्याला धड राजधानी नाही, खजिना नाही. अशा वेळी कोकणातले किल्ले ज्यांनी जागते ठेवले त्यांत कान्होजी होते. १६९८ मध्ये आरमारप्रमुख सिधोजी गुजर वारल्यावर सूत्रे त्यांच्याकडे आली. अलिबागचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. ओहोटीला चालत जाता येते आणि भरतीला पाण्याने वेढला जातो, असा हा किल्ला मुंबईच्या तोंडाशी आहे. मधे खांदेरी. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ते बेट बांधायला घेतले तेव्हाच मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती. आता तर बंदरातून बाहेर पडणारे प्रत्येक शीड कान्होजींच्या टेहळणीला दिसू लागले.

त्या काळी आपल्या किनाऱ्यावर खरेखुरे चाचेही होते, आणि त्यांतले नामांकित बहुतेक युरोपातून आलेले होते. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने मक्केहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले. यात्रेकरूंवर आणि स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांनी सारी सुरत पेटली. कंपनीच्या सुरतेतल्या माणसांना बेड्या पडल्या, कारण मोगलांच्या दृष्टीने टोपीकर सगळे एकच. तीन वर्षांनी विल्यम किड याने मलबारच्या किनाऱ्याजवळ ‘क्वेदा मर्चंट’ हे जहाज धरले. किडला चाच्यांना पकडण्यासाठीच इंग्लंडहून सनद देऊन पाठवले होते, हे विशेष. १७०१ मध्ये त्याला लंडनमध्ये फाशी दिले गेले. ही मंडळी मादागास्करच्या आसपास मुक्काम ठोकत, लूट वाटून घेत आणि पांगत. त्यांना गाव नव्हते, धनी नव्हता, सारा वसूल करणारा कारकून नव्हता. भेटेल ते जहाज आपले, एवढाच त्यांचा कायदा.

कान्होजींचे सगळे वेगळे होते. त्यांच्याकडे छत्रपतींची सनद होती, किल्ले होते, गोद्या होत्या, आणि मुख्य म्हणजे दस्तक होते. दस्तक म्हणजे समुद्रावरून सुखरूप जाण्याचा परवाना. ही पद्धत त्यांनी काढलेली नव्हे. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून कार्ताझ विकत आले होते. त्यांचा कागद जवळ नसला की जहाज जप्त. पुढे इंग्रजही आपले पास देऊ लागले. सिद्दीची वसुली होतीच. अरबी समुद्र म्हणजे चार नाकी असलेला रस्ता झाला होता आणि प्रत्येक नाकेदार दुसऱ्याला चोर म्हणत होता. कान्होजींचे म्हणणे सरळ होते. हा किनारा आमच्या राजाचा आहे, म्हणून या पाण्यातून व्यापार करणाऱ्याने आमचा परवाना घ्यावा. जमिनीवर मराठे चौथ घेत, ही तिचीच समुद्रावरची आवृत्ती. परवाना असेल तर वाट मोकळी. नसेल तर जहाज आणि माल सरकारजमा.

त्यांची जहाजे कशी होती हे सांगायला हवे, कारण सगळे रहस्य तिथे आहे. मोठे गुराब, त्याला दोन किंवा तीन डोलकाठ्या, तळ उथळ, नाळेवर तोफा. लहान ते गलबत, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे आणि वाऱ्यावाचून पळणारे. इंग्रजांचे जहाज भर समुद्रात दांडगे. पण किनाऱ्याजवळ वारा पडला की ते लाकडाच्या ओंडक्यासारखे जागच्या जागी डुलत राही. मग गलबते दोरखंडांनी गुराबांना ओढत आणीत, तीही नेमकी जहाजाच्या मागच्या अंगाला, जिथे शत्रूच्या तोफा कमी. डोलकाठ्या आणि शिडे फोडायची, जहाज लुळे करायचे, आणि मग गलबतांतली माणसे तलवारी उपसून चहूबाजूंनी चढायची. तोफा चालवायला युरोपीय गोलंदाजही पदरी असत, पण वल्ही आणि तलवारी कोळी, भंडारी, खारवी यांच्या हातात. पावसाळ्यात सगळे आरमार नांगरून पडे आणि दर्या निवळला की मोहीम सुरू होई. सोमाली चाचेही नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत फारसे बाहेर पडत नाहीत. तीनशे वर्षांत जहाजे पोलादाची झाली, पण मोसमी वारा बदललेला नाही.

नोव्हेंबर १७१२ मध्ये या डावपेचांत एक मोठे सावज सापडले. मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची शस्त्रसज्ज नौका ‘अल्जेरीन’ ही मालाच्या रखवालीसाठी कारवारकडून मुंबईला येत होती. कान्होजींच्या गुराबांनी तिला गाठले. त्या ताफ्यात कारवारच्या वखारीतला थॉमस चाऊन आणि त्याची तरुण पत्नी कॅथरिन होते. गोळ्याने चाऊनचा हात उडाला आणि तो तिथेच मेला. त्याची बायको कैदी म्हणून कुलाब्याला आली. तेरा-चौदा वर्षांची असताना तिचे लग्न एका वयस्कर व्यापाऱ्याशी लावून दिलेले होते. तो वारल्यावर चाऊन, आणि आता तोही गेला. वय जेमतेम अठराचे. फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये खंडणी भरून तिची सुटका झाली. ही हकीकत सांगताना इंग्रज लेखकांची लेखणी थरथरते आणि मराठी लेखक दोन ओळींत पुढे सरकतात. मला दोन्ही पटत नाही. युद्धकैद्यांची खंडणी त्या काळी सगळेच घेत. पण ओलीस धरलेली विधवा ही ओलीस धरलेली विधवाच असते, राज्य कोणाचेही असो.

या प्रकरणानंतर कंपनीने तह केला. मुंबईच्या बंदरात आणि कंपनीच्या जहाजांना उपद्रव द्यायचा नाही, असे कान्होजींनी मान्य केले. त्यांना तरी त्या वेळी स्वस्थता हवीच होती, कारण घरातच भाऊबंदकी चालू होती. औरंगजेब १७०७ मध्ये वारल्यावर शाहू महाराज सुटून आले. ताराराणी आणि शाहू असे दोन दरबार झाले. कान्होजी ताराराणींच्या पक्षाला होते. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवा बहिरोजी पिंगळे याला त्यांच्यावर धाडले, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केले आणि लोहगड घेतला. मग शाहूंनी बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवेपद देऊन पाठवले. बाळाजीपंत श्रीवर्धनचे, म्हणजे कोकणातलेच. लढाईऐवजी बोलणी झाली. कान्होजी शाहूंकडे आले, सरखेलपद आणि किल्ले कायम राहिले, पेशवा सुटला. मराठ्यांच्या इतिहासात एवढी शहाणपणाची तडजोड फार थोड्या वेळा झाली असेल.

इंग्रजांशी झालेला तह मात्र टिकला नाही. तो का मोडला हेच मला या साऱ्या चरित्रातले कळीचे प्रकरण वाटते. कंपनीची जहाजे सोडायची, हे ठरले होते. पण कंपनीचे जहाज कोणते? मुंबईतले इंग्रज नोकर खासगी व्यापार करीत. सुरतेचे, माहीमचे देशी व्यापारी आपला माल त्यांच्या नावावर चढवीत, इंग्रज निशाण लावीत आणि दस्तक चुकवीत. कान्होजींच्या माणसांनी अशी जहाजे धरली की मुंबईहून आरडाओरडा होई. हे निशाण आमचे, म्हणून जहाज आमचे, असा तो दावा. कान्होजींनी गव्हर्नरला पाठवलेल्या पत्रांतून हीच तक्रार पुन्हा पुन्हा केली आहे. व्यापारी लबाडी करतात आणि तुम्ही तिच्यावर शिक्का मारता, असा त्यांचा आशय. आज मालक ग्रीसचा, खलाशी फिलिपिन्सचे, माल चीनचा आणि निशाण पनामाचे किंवा लायबेरियाचे अशी जहाजे जगभर फिरतात. त्यांच्यावर काही संकट आले तर जबाबदारी कोणाची, याचा घोळ दर वेळी होतो. तो घोळ अठराव्या शतकात अलिबागच्या समोर झाला होता.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर होऊन आला. माणूस जिद्दीचा. त्याने मुंबईभोवती तट पुरा केला, लढाऊ जहाजे बांधली आणि कान्होजींचा निकाल लावायचाच असे ठरवले. १७१७ मध्ये विजयदुर्गावर चढाई झाली, ती फसली. नोव्हेंबर १७१८ मध्ये बून स्वतः खांदेरीवर गेला आणि काही दिवसांत हात हलवत परतला. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या खेपेला ‘फ्राम’ नावाची तरंगती तोफगाडीच बांधून नेली होती, सपाट बुडाची आणि प्रचंड तोफांची. प्रत्यक्षात तिचे गोळे तटापर्यंत पोचेनात, पाण्यातच पडू लागले. विजयदुर्गाच्या तटावरून हा देखावा पाहणाऱ्यांची काय करमणूक झाली असेल!

पराभवाचे खापर फोडायला कोणीतरी लागतेच. मुंबईत रामा कामती नावाचे धनाढ्य शेणवी व्यापारी होते. कंपनीला लागेल तेव्हा पैसा आणि भंडारी शिपाई पुरवणारे. वाळकेश्वरच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. १७१८ च्या नाताळात मुंबईचे सेंट टॉमस चर्च उघडले तेव्हा ते आपल्या लोकांसह बाहेर उभे राहून सोहळा पाहत होते. ज्या चर्चवरून चर्चगेट हे नाव पडले, तेच हे चर्च. पुढे त्यांच्यावर कान्होजींशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला. साक्षीदाराचे अंगठे यंत्रात दाबून जबाब काढला गेला, एक पत्र पुरावा म्हणून पुढे आले. १७२० मध्ये जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली आणि १७२८ च्या सुमारास तुरुंगातच ते वारले. पत्रावरचा शिक्का बनावट होता हे नंतर उघड झाले. कान्होजींच्या नावाची दहशत मुंबईत किती होती याचा याहून विदारक पुरावा मला तरी ठाऊक नाही. समुद्रावर हरलेल्यांनी आपल्याच शहरातला एक निरपराध माणूस बुडवला.

सर्वांत मोठा हल्ला झाला तो १७२१ च्या डिसेंबरात. या वेळी इंग्रज आणि पोर्तुगीज एक झाले. गोव्याचा व्हाइसरॉय जातीने आला. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा कमोडोर टॉमस मॅथ्यूज मादागास्करच्या चाच्यांचे पारिपत्य करायला निघालेला, तोही आला. सहा हजारांवर फौज चौलकडून अलिबागवर चालून गेली. कान्होजींनी साताऱ्याला कळवले आणि तरुण बाजीराव घोडदळ घेऊन वेळेवर पोचले. शिड्या तटाला लागल्या, काही लोक वरही चढले, पण मराठी घोडदळाने पोर्तुगीजांची फळी उधळली आणि सगळी फौज मागे पळाली. एका मराठा स्वाराने मॅथ्यूजच्या मांडीत भाला मारला. चिडलेला मॅथ्यूज पिस्तूल रोखून त्याच्यामागे धावला, तर ते उडेचना. मग सगळा राग त्याने दोस्तांवर काढला आणि एका पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात काठी खुपसली, असे त्या मोहिमेतल्या एका इंग्रजानेच लिहून ठेवले आहे. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७२२ मध्ये, पोर्तुगीजांनी वरसोलीला बाजीरावांशी वेगळा तह केला. इंग्रज एकटे पडले.

या मॅथ्यूजची पुढची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे मादागास्करला गेल्यावर त्याने चाच्यांना पकडण्याऐवजी त्यांच्याशी व्यापार केला. इंग्लंडला परतल्यावर बेकायदा व्यापाराबद्दल त्याच्यावर खटला झाला आणि चार महिन्यांचा पगार कापला गेला. त्याच्याच जहाजातून इंग्लंडला गेली ती कॅथरिन. कुलाब्याहून सुटल्यावर तिने तिसरे लग्न केले होते. तो नवराही केरळात अंजेंगोला १७२१ च्या उठावात मारला गेला. मागे राहिलेल्या हिशेबावरून कंपनी तिच्या पाठीस लागली, म्हणून तिने मॅथ्यूजचा आश्रय घेतला. तिला ओलीस धरणाऱ्या कान्होजींनी खंडणी मिळताच सोडून दिले होते. स्वतःच्या देशाची कंपनी मात्र तिला सोडायला तयार नव्हती.

१७२४ मध्ये डच विजयदुर्गावर येऊन हात पोळून गेले. त्याच वर्षी नवा गव्हर्नर विल्यम फिप्स आणि कान्होजी यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो मुळातून वाचण्यासारखा आहे. लुटीवर जगणाऱ्याचे राज्य टिकत नसते, असा उपदेश फिप्सने केला. कान्होजींनी शांतपणे उत्तर दिले. दुसऱ्याचे ते आपले व्हावे ही हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच तशी आहे, आणि शिवाजी महाराजांनीही चार पातशाह्यांशी झुंजून राज्य उभे केले, अशा अर्थाचे ते पत्र. कुठे आवाज चढलेला नाही, गयावया नाही. कैद्यांच्या अदलाबदलीवर बोलू, तह करायचा तर करू, नाहीतर आहेच. बरोबरीच्या नात्याने लिहिलेले हे पत्र आहे. मला वाटते, इंग्रजांना गुराबांपेक्षा ही बरोबरी जास्त झोंबली असावी. त्यांना सरखेल म्हणून मान्य करायचे तर दस्तकही मान्य करावे लागले असते, आणि दस्तक मान्य म्हणजे पैसे आले. चाचा म्हणणे स्वस्तात पडत होते.

तरीही आपल्या बाजूने एक कबुली द्यायला हवी. कान्होजींच्या गुराबांनी धरलेल्या सगळ्या जहाजांवर गोरे लोक नव्हते. त्यांत माहीमचे, सुरतेचे, मलबारचे नाखवे होते. कापड, मिरी, तांदूळ घेऊन निघालेला हा माणूस पोर्तुगीजांचा कागद, इंग्रजांचा पास आणि आंग्रेंचे दस्तक असे तीन परवाने घेऊ शकत नसे. एक घेतला की बाकीचे दोघे धरीत. आजच्या आकड्यांतही हा माणूस दिसत नाही. २०११ मध्ये जगभर जहाजांवरचे ४३९ हल्ले नोंदले गेले, त्यांतले २३७ सोमाली चाच्यांचे. २०२३ मध्ये हा आकडा १२० वर आला. वर्तमानपत्रे जहाजाचे नाव आणि मालाची किंमत छापतात. महिनोन्‌महिने ओलीस राहिलेला रत्नागिरीचा किंवा केरळचा खलाशी घरी परतला तर एखाद्या चौकटीत येतो.

कान्होजी चाचे होते का, याचे उत्तर मी आजच्या कायद्याने शोधून पाहिले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याप्रमाणे चाचेगिरी म्हणजे खुल्या समुद्रात, खासगी लाभासाठी, एका जहाजाने दुसऱ्यावर केलेला हल्ला. किनाऱ्यालगत राष्ट्राच्या हद्दीत तेच घडले तर तो सशस्त्र दरोडा, आणि त्याचा बंदोबस्त त्या राष्ट्राने करायचा. राज्याच्या हुकमाने केलेली कारवाई यांतल्या कशातच बसत नाही. तिला युद्ध म्हणा, जप्ती म्हणा. या कसोटीवर एव्हरी चाचा ठरतो, कान्होजी ठरत नाहीत. अर्थात आजचा कायदा तेव्हा नव्हता, आणि कान्होजींच्या तिजोरीत राज्याचे किती आणि घरचे किती, हे वेगळे काढणे त्या काळच्या कोणत्याच सरदाराच्या बाबतीत शक्य नाही.

कायद्याचा हा कीस निव्वळ पुस्तकी नाही. १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे, अॅल्युमिनियमने भरलेले जहाज इंडोनेशियाजवळून पळवले गेले. खलाशांना तराफ्यावर सोडून दिले होते. जहाजाचे नाव पुसून ‘मेगा रामा’ रंगवलेले. आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने त्याला अरबी समुद्रात गाठले, तेव्हा पाठलागात पुढे असलेल्या तटरक्षक जहाजाचे नाव होते ‘ताराबाई’. कान्होजींच्या धनीण असलेल्या ताराराणींचेच हे नाव. चाच्यांना मुंबईत आणले, २००३ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. चाचेगिरीला शिक्षा देणारा स्वतंत्र कायदाच आपल्याकडे तेव्हा नव्हता. तो २०२२ च्या डिसेंबरात संसदेने संमत केला, आणि मुंबईत उतरलेल्या त्या ३५ जणांना त्याच कायद्याखाली उभे राहावे लागले.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. साठीच्या आत-बाहेरचे वय. तोवर इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि सिद्दी यांपैकी कोणालाही त्यांचा एकही मोठा किल्ला घेता आला नव्हता. अलिबागच्या बाजारपेठेत त्यांची समाधी आहे. भोवती घराण्यातल्या इतरांच्या छत्र्या. सरखेलपद थोरल्या सेखोजींकडे गेले, ते १७३३ मध्ये वारले. मग संभाजी आणि मानाजी यांच्यात वाटणी झाली, एकाकडे विजयदुर्ग, दुसऱ्याकडे कुलाबा. दुभंगलेल्या आरमाराचा दक्षिणेकडचा भाग पुढे तुळाजींकडे आला. ते शूर होते, पण पेशव्यांना जुमानीत नसत. नानासाहेब पेशव्यांनी त्यांना नमवण्यासाठी थेट मुंबईकर इंग्रजांची मदत मागितली. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, आणि बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबांना आग लागली. ज्या आरमाराला कान्होजींच्या हयातीत चार सत्ता हात लावू शकल्या नाहीत, ते एका दुपारी पाण्यावर जळून गेले. जमिनीवरून पेशव्यांची फौज पाहत होती. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे तिन्ही किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. सुवर्णदुर्गाचे एक स्मारक मात्र कोकणापासून फार दूर आहे. विल्यम जेम्सच्या विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर एक तिकोनी बुरूज बांधला. त्याचे नाव तिने ठेवले सेव्हर्नड्रूग. इंग्रजी जिभेवर सुवर्णदुर्गाचे तेवढेच झाले. बुरूज अजून उभा आहे.